एकतीस नंबरची चाल

८ सप्टेंबर, सोमवार

आज गोपनीयतेच्या करारावर सही केली. नव्या गुंतवणूकदाराबद्दल कंपनीबाहेर कोणाशीही बोलायचं नाही, असं त्यात आहे. स्वतःपुरतं लिहिण्याबद्दल काही नाही. ते कलम मी दोनदा वाचलं. मराठीत लिहिते आहे, कारण ऑफिसात मराठी वाचणारा एकटा हरीश आहे आणि त्याचीही त्याच करारावर सही आहे. गुंतवणूकदाराच्या देशाचं नाव आणि त्या माणसाचं नाव मात्र इथेही लिहिणार नाही. नुसतं शेख म्हणेन.

वस्तुस्थिती अशी. आमची कंपनी लहान आहे, आयर्लंडमधल्या लिमरिकमध्ये, युनिव्हर्सिटीच्या जवळ. सुरुवात घोड्यांपासून झाली. घोडा लंगडायला लागण्याआधी त्याच्या चालीत फरक पडतो, तो कॅमेऱ्याने पकडायचा. तेच तंत्र आता आम्ही वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये वापरतो. विस्मरण झालेले रहिवासी एकटेच बाहेर पडायला दाराकडे जातात. कॅमेरा त्यांना चालीवरून ओळखतो आणि नर्सला कळवतो. कर्मचारी दाराकडे गेले तर कळवायचं नसतं, म्हणून त्यांच्याही चाली नोंदवून ठेवाव्या लागतात. चेहरा आम्ही साठवत नाही, नावही नाही. पडद्यावर काळी आकृती चालते आणि तिला एक नंबर असतो. हे मॉडेल मी बांधलं आहे. चाचणीसाठी पहिली चाल माझीच घेतली होती, त्यामुळे नंबर एक मी आहे.

कंपनी मार्चपर्यंत तग धरेल, असं डेक्लनने सगळ्यांना बोलावून सांगितलं. डेक्लन आमचा मालक. कंपनी गेली की माझं वर्क परमिट गेलं. शेख एका आखाती देशाच्या राजघराण्यातले आहेत. किल्डेअरमध्ये त्यांचा घोड्यांचा फार्म आहे आणि आमचं जुनं सॉफ्टवेअर तिथे बरीच वर्षं चालतं. त्यांच्या देशात ते राष्ट्रीय सुरक्षेचे प्रमुखही आहेत. डेक्लन त्यांना "युवर मॅन" म्हणतो. इथे न्हाव्यापासून पंतप्रधानापर्यंत कोणीही युवर मॅन असतो.

"म्हणजे एका खिशात पोलीस, दुसऱ्या खिशात फंड," हरीश म्हणाला.

"संस्था दोन वेगळ्या आहेत. मी कागदपत्रं बघितली."

"खिसे वेगळेच असतात गं. पँट एकच असते."

हरीश नागपूरचा आहे. त्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलावंच लागतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

दर बुधवारी एनिसला जाते, तिथल्या नर्सिंग होमचे कॅमेरे तपासायला. आज मिसेस कॉनीली तीनदा दाराशी गेल्या. त्यांना गाईंच्या धारा काढायच्या असतात. गाई केव्हाच विकल्या गेल्या आहेत. तिन्ही वेळा सिस्टिमने बरोबर कळवलं.

त्यांना परत आणायचं काम बहुतेक हालाकडे येतं. हाला तिथे केअर असिस्टंट आहे, साधारण माझ्याच वयाची, जॉर्डनची. ती त्यांच्या कानाशी म्हणते, "गाई झाल्या. मीच धारा काढून आले." मग त्या बसतात.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"मग तू जाऊन काढ धारा. मागचं शेत तिकडे आहे."

चहा तिनेच केला. वेलची ती घरून डबीत आणते. म्हणाली, तुम्ही लोक चहा उकळून उकळून त्याचा जीव घेता. मी म्हणाले, तुम्ही साखरेत थोडा चहा घालता. हे बोलणं जवळजवळ दर बुधवारी होतं. ते का लिहिलं, माहीत नाही.

तांत्रिक नोंद: हाला म्हणजे एकतीस नंबर. डावा पाय गुडघ्यातून किंचित बाहेर फिरवून टाकते आणि त्याच क्षणी उजवा खांदा पुढे येतो. मॉडेल तिच्या बाबतीत कधीच चुकलेलं नाही. कारण विचारल्यावर म्हणाली, "लहानपणी पडले." मला तेवढं पुरेसं होतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शेख येऊन गेले.

तीन-चार गाड्या येतील असं डेक्लनला वाटलं होतं, एकच आली. ट्वीडचा कोट, बुटांना चिखल. शिंगरांच्या लिलावावरून थेट आले होते. पन्नाशीचे असावेत. आवाज इतका हळू की सगळे आपोआप गप्प होतात. बरोबर फारिस नावाचा तांत्रिक सल्लागार होता, मँचेस्टरला शिकलेला. डेक्लनने शेखांसाठी चांगली खुर्ची आणवली होती. ते पूर्ण वेळ उभे राहिले.

त्यांचे प्रश्न चांगले होते. माणूस आजारी पडला, लठ्ठ झाला, जोडे बदलले, तर मॉडेल किती फसतं? ओझं उचललेलं असेल तर? आजवर एकाही गुंतवणूकदाराने असं विचारलेलं नाही. बाकीचे लोगोबद्दल विचारतात.

मी गॅलरी दाखवली, म्हणजे नोंदवलेल्या सगळ्या आकृत्या ओळीने चालताना. पहिली आकृती माझी, हेही सांगितलं. एकतीसवर ते म्हणाले, "पुन्हा."

मी पुन्हा दाखवली.

"अजून एकदा."

मग ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. "ही घोड्यावरून पडलेली आहे. गुडघा नंतर बसवला, पण हॉस्पिटलात नाही. घरच्या माणसाने बसवला."

मी म्हणाले, इतका तपशील आमच्याकडे नोंदवलेला नाही, पण लहानपणी पडल्याचं खरं आहे. फारिसने काहीतरी लिहून घेतलं. शेख म्हणाले की शिंगरू घेताना ते वंशावळ शेवटी वाचतात. आधी त्याला चालवायला सांगतात. निघताना छातीवर हात ठेवून मला म्हणाले, "अशी नजर असलेली माणसं आमच्याकडे कमी आहेत. तुम्ही यायला हवं."

मला बरं वाटलं. नोंद म्हणून लिहिते.

मॉडेल आणि गॅलरी यांची प्रत फारिसने त्यांच्याकडच्या चाचणीसाठी मागितली. डेक्लन हो म्हणाला. नावं नाहीत, चेहरे नाहीत, त्यामुळे मला हरकत घेण्यासारखं काही दिसलं नाही. संध्याकाळच्या आत पाठवली.

१ ऑक्टोबर, बुधवार

एनिस. हालाला म्हणाले, "आमच्याकडे एक पाहुणे आले होते. नुसती तुझी आकृती बघून म्हणाले, घोड्यावरून पडली आहे. गुडघा घरच्या माणसाने बसवला, असंही. बरोबर आहे का?" पाहुण्यांचं नाव सांगितलं नाही, म्हणजे करार मोडला नाही.

तिने कप विसळायला घेतला. तो आधीच विसळलेला होता.

"ते बसून बघत होते की उभं राहून?" तिने विचारलं.

"उभं राहून. पूर्ण वेळ."

"आणि 'पुन्हा' म्हणाले."

"हो. तुला कसं माहीत?"

"कोणीही म्हणेल," ती म्हणाली. आज चहात वेलची नव्हती. बहुधा संपली असेल.

६ ऑक्टोबर, सोमवार

फारिसच्या मेलखाली आज वेगळं पद होतं. आधी गुंतवणूक कंपनीचा तांत्रिक सल्लागार, आज राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाचा. फोन नंबर तोच. एका व्यवहारात एकच पद असावं, नाहीतर पुढे गोंधळ होतो, असं मी डेक्लनला कळवलं.

मेलमध्ये त्याने आमच्या चाचण्यांचा सारांश लिहून "फक्त नजर टाका" म्हटलं होतं. एक चूक होती. एकतीस नंबर ही लिमरिकच्या युनिव्हर्सिटीतली विद्यार्थिनी असून चाल तिथल्या कॉरिडॉरमध्ये घेतली, असं लिहिलं होतं. मी दुरुस्त केलं: नोंद एनिसमधल्या नर्सिंग होमची, व्यक्ती तिथली कर्मचारी, दिवसपाळी.

हरीशला त्याची प्रत गेली होती. तो माझ्या टेबलाशी आला.

"एवढं कशाला लिहिलंस?"

"चूक होती."

"चूक त्यांची होती ना? तुझी होती का?"

"चुकीचं तसंच ठेवायचं?"

"तू ना," तो म्हणाला, "तुला कोणी 'पुण्याची राजधानी मुंबई' म्हटलं तर तू स्वतःचा पत्ता देऊन त्याला समजावशील."

पुणे हे राज्यच नाही, हे मी त्याला सांगितलं. तो हसत निघून गेला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

डेक्लन आज खुशीत होता. शेखांच्या दुसऱ्या एका कंपनीने कॅमेऱ्यांची एक कंपनी विकत घेतली आहे. इथल्या काही बस स्टँडवर, मॉलमध्ये आणि एका बंदरावर तिचे कॅमेरे आहेत. आमचं मॉडेल त्यांना जोडून बघायचं. चाचणीसाठी आमचीच गॅलरी वापरतील, कारण ती त्यांच्याकडे आहेच.

"लोकांना आवडेल का?" रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं.

"चेहरा साठवत नाही ना आपण," डेक्लन म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हाला कामावर नव्हती. आजारी असल्याचं कळवलं आहे.

नर्सिंग होमच्या मॅनेजर ब्रीडा म्हणाल्या की सोमवारी दोन गृहस्थ आले होते. अतिशय सभ्य. परदेशात एकट्या राहणाऱ्या आपल्या नागरिकांची विचारपूस करत फिरत होते. कर्मचाऱ्यांसाठी खजुराचा मोठा डबा देऊन गेले. "लव्हली लॅड्स. असं आपल्या सरकारने कधी केलंय का कोणासाठी?" ब्रीडांनी मलाही खजूर दिला. चांगला होता.

हाला जॉर्डनची आहे. ते गृहस्थ जॉर्डनचे होते का, असं मी विचारलं. ब्रीडांना लक्षात नव्हतं.

मिसेस कॉनीली पाच वेळा दाराशी गेल्या. नवीन मुलीचं ऐकत नाहीत.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी हाला माझ्या घरी आली. पत्ता मी तिला कधीतरी दिला होता. कोट काढला नाही, कोचाच्या कडेवर बसली. तिने जे सांगितलं ते तसंच लिहिते.

ती जॉर्डनची नाही. शेखांच्या देशाची आहे. तिचे वडील शेखांच्या पागेत घोड्यांचे डॉक्टर होते. ती दहा वर्षांची असताना शेखांच्याच घोड्यावरून पडली. गुडघा वडिलांनी तिथल्या तिथे बसवला. शेख शेजारी उभे होते.

चार वर्षांपूर्वी पागेतला एक मोतद्दार मेला. घोड्याने लाथ मारली असं जाहीर झालं. तिच्या वडिलांनी प्रेत पाहिलं होतं. ही लाथ घोड्याची नाही, असं त्यांनी सही करून लिहून दिलं. तेव्हापासून ते तुरुंगात आहेत. जबाब मागे घ्या, घरी जा, असं त्यांना सांगतात. ते मागे घेत नाहीत. हालाला इथे आश्रय मिळाला आहे, कागदपत्रं रीतसर आहेत.

"मग ते तुला इथे काय करणार?" मी विचारलं. "हे आयर्लंड आहे."

"काही नाही करणार. कोणी ओढून नेणार नाही. एक सभ्य माणूस येईल आणि फोन माझ्या हातात देईल. फोनवर बाबा असतील. ते म्हणतील, ये. त्यांच्या आवाजावरून मला कळेल की शेजारी कोण उभं आहे. मग तिकीट मी स्वतः काढीन. आणि मी तिथे उतरले की बाबा सही करतील." तिने कोट गुडघ्यांवर ओढून घेतला. "मी सापडत नाही, तोपर्यंत त्यांच्याकडे बाबांना दाखवायला काही नाही."

मी विचारलं, जॉर्डन का सांगितलंस.

"कारण तू विचारलंस."

मग मी तिला त्या मेलबद्दल सांगितलं.

"एनिस आहे का, असं त्यांनी विचारलं होतं?"

"नाही. त्यांनी लिमरिक लिहिलं होतं. ते चूक होतं."

ती हसली. मला वाटतं ते हसणंच होतं. गार्डांकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, ती गेली होती. तिथल्या बाईंनी चहा दिला, सगळं लिहून घेतलं. खजूर देणं गुन्ह्यात बसत नाही.

मी तिला जेवून जा म्हटलं. घरात अंडी आणि ब्रेडच होता.

२० ऑक्टोबर, सोमवार

आम्ही नावं काढली, चेहरे काढले, आणि माहिती निनावी झाली असं धरून चाललो. चाल ठेवली. माणूस चालीवरून ओळखता येतो हे सांगून आम्ही पोट भरतो. ही चूक दुसऱ्या कोणाकडून झाली असती तर मी ती पहिल्या पानावर पकडली असती.

डेक्लनला सांगितलं. त्याने दार लावून घेतलं.

"आ जीझस, निहारिका." तो खिडकीशी गेला. "बरं. तिला गॅलरीतून काढून टाक. मग झालं, ग्रँड?"

"प्रत त्यांच्याकडे आहे."

"मग आपल्या हातात काय उरतं?" हे त्याने खिडकीकडे बघत विचारलं. तो वाईट माणूस नाही. व्यवहार फिसकटला तर मार्चमध्ये अठरा जण घरी बसतील, त्यातली एक मी, हे त्याने सांगितलं नाही. मला ते माहीत आहे, हे त्याला माहीत आहे.

डेटा संरक्षण कार्यालयाकडे स्वतःच्या नावाने तक्रार पाठवली. पोच आली. क्रमाने बघतील.

१ नोव्हेंबर, शनिवार

हाला एनिस सोडून सध्या एका ओळखीच्या बाईंकडे राहते. तिला देशाबाहेर जायचं आहे. कुठे ते मी विचारलेलं नाही. बस स्टँड आणि बंदर या दोन्ही जागी कॅमेरे त्यांचे आहेत. तोंडाला मास्क आणि डोक्यावर टोपी घालता येते, पण आमचं मॉडेल त्याकडे बघतच नाही. ते काय बघतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

म्हणून शनिवारी ऑफिस रिकामं असतं तेव्हा तिला चाचणीच्या कॉरिडॉरमध्ये आणलं. उजव्या बुटात टाच उंच करणारी चकती घातली, गुडघ्याला पट्टा. मॉडेलने तिला ओळखलं. जड बॅग दिली. ओळखलं. मी तिला पावलं लहान टाकायला लावलं, तरी ओळखलं. दुपारपर्यंत तिचा गुडघा सुजला. मी बर्फ आणायला वळले तर दारात हरीश उभा. चार्जर विसरला होता.

तो पडद्याकडे बघत राहिला. मी काही समजावलं नाही. ६ ऑक्टोबरचा मेल त्याने वाचलेला होता. त्याला इथे घर घेऊन वर्ष झालं आहे, मुलगी तीन वर्षांची आहे.

"खांदा," तो शेवटी म्हणाला. "पाय कितीही बदल, खांदा तोच येतोय." मग हालाला इंग्रजीत, "नमस्कार. मी हरीश. तुला नागपुरी चालायला शिकवू का? कोणी ओळखणार नाही, फक्त सगळे रस्ता सोडतील."

हाला हसली. या वेळी नक्की हसणंच होतं.

२ नोव्हेंबर, रविवार

हरीश आज डबा घेऊन आला. त्याच्या बायकोने, साक्षीने, तर्री-पोहे दिले होते. तिला काय सांगितलंस, विचारलं. "ओव्हरटाइम."

मुद्दा त्याचा बरोबर निघाला. "नवीन चाल मनाने बनवता येत नाही," तो म्हणाला. "कोणाची तरी आख्खी उचलायला हवी. माझी पोरगी माझ्यासारखी चालते, तिला कोणी शिकवलं?"

"कोणाची उचलायची?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. उंची जवळजवळ सारखी, बांधा सारखा. तर्काने ते योग्य होतं.

मी पुढे चालायचं, हालाने मागे. मी स्वतःला चालताना कधी बघितलं नव्हतं.

"तू अशी चालतेस," हाला म्हणाली, "जशी जमीन भाड्याची आहे आणि मालक बघतोय."

"करेक्ट!" हरीश ओरडला. "तीन वर्षं शोधत होतो मी हा शब्द!"

मी त्यांना पुन्हा पहिल्या खुणेशी जायला सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज संध्याकाळी चारच्या सुमारास मॉडेलने हालाला 'एक' म्हटलं. दुसऱ्यांदा 'एक'. मग सलग.

"अभिनंदन," हरीश मला म्हणाला. "जुळी बहीण झाली."

गुडघा दुखतो का, मी विचारलं. दुखतो, पण आता दोन्ही पायांत सारखा, असं ती म्हणाली. मग तिने एकदा जुनं चालून बघायचं म्हटलं, स्वतःसाठी. कॉरिडॉरच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. पहिलं पाऊल टाकलं, थांबली. पुन्हा टाकलं. ते माझं पाऊल होतं. ती भिंतीला हात लावून थोडा वेळ तशीच उभी राहिली. हरीश पाणी आणायला गेला. मी कॅमेरा बंद केला आणि आजच्या फाइल पुसल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी तिला गाडीने सोडलं. कुठे ते लिहीत नाही. पुढे कुठे जाणार ते मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी कोणाला सांगू शकत नाही. पोहोचल्यावर कळवू नकोस, असंही सांगितलं. तिने मान डोलावली.

उतरताना म्हणाली, "बुधवारी मिसेस कॉनीलींना सांग."

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

परत येऊन कपडे धुतले. आठवडाभराचे साचले होते. दिवसभर घरीच होते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

एनिस. मिसेस कॉनीली दाराशी आल्या, कोट घालून. मी त्यांना म्हणाले, "गाई झाल्या. मीच धारा काढून आले."

त्यांनी माझे हात बघितले आणि म्हणाल्या, "गुड गर्ल." मग बसल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी येऊन लगेच लिहिते आहे, म्हणजे क्रम चुकणार नाही.

आज किल्डेअरला शेखांच्या फार्मवर करारावर सह्या झाल्या. डेक्लन, हरीश आणि मी गेलो होतो. सह्यांनंतर जेवण. लांब टेबल, भात आणि मटण, खिडकीतून पागा दिसत होती. डेक्लनने नवीन टाय घातला होता.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा फारिस उभा राहिला. आनंदाची बातमी आहे, म्हणाला. बंदरावरच्या कॅमेऱ्यांना मॉडेल गेल्या आठवड्यात जोडलं. शेकडो अनोळखी लोकांमधून गॅलरीतल्या एका व्यक्तीची पहिली खरी ओळख पटली. रविवारी दुपारी, फ्रान्सला जाणाऱ्या बोटीसाठी थांबायच्या हॉलमध्ये. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, तरीही.

"नंबर एक," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "म्हणजे तुम्ही."

डेक्लनने टाळ्या वाजवल्या. "बोललीही नाहीस, फ्रान्सला निघाली होतीस ते!" हरीशने चमचा ताटात ठेवला आणि भाताकडे बघत राहिला.

चुकीची ओळख ही या पद्धतीतली सगळ्यात गंभीर चूक. ती कळताक्षणी कळवावी, हे कंपनीच्या नियमांत आहे. तो नियम मी लिहिला आहे.

"शेखांनी तो व्हिडिओ स्वतः बघितला," फारिस म्हणाला. "तीन वेळा."

शेखांनी हातरुमालाने बोटं पुसली. "सोमवारी तुम्ही ऑफिसात होता, असं डेक्लन म्हणतात. मग बोट?"

"चढले नाही," मी म्हणाले. "हॉलमध्ये थांबले, मग विचार बदलला."

"का?"

"वारा फार होता. मला बोट लागते."

"एकट्या होता?"

"हो."

"वारा होता खरा," ते म्हणाले. ते मला न्याहाळत होते, पण चेहऱ्याकडे नाही. टेबलाच्या कडेशी, जिथे माझा खांदा होता. मग उठले. सगळे उठले. "चला, तुम्हाला शिंगरं दाखवतो." आणि दार उघडून मला हाताने खुणावलं, तुम्ही पुढे व्हा.

मी बाहेर पडले. दारापासून पागेपर्यंत खडीची सरळ वाट होती, दोन्हीकडे कापलेली हिरवळ. काही अंतर गेल्यावर लक्षात आलं की खडीवर आवाज फक्त माझ्याच बुटांचा येतो आहे. मागे वळले नाही. ते दारातच उभे होते, हे वळून न बघताही कळत होतं. बाकीच्यांनाही त्यांनी थांबवलं असणार, कारण डेक्लनचं बोलणं बंद झालं होतं.

वाट लांब होती. मी नेहमी चालते तशी चालत गेले.